वेडा की वेगळा? : ‘जिमी पी.’ या चित्रपटाची प्रस्तावना

साल १९४८. मोंटाना राज्यातल्या ब्राउनिंगजवळ बहिणीकडे राहणारा जिमी पिकार्ड दुसऱ्या महायुद्धातून परतला आहे. फ्रान्समध्ये असताना ट्रकवरून पडून त्याच्या कवटीला दुखापत झाली होती. जखम भरली, पण आता डोकं असह्य दुखतं, मध्येच दिसेनासं होतं, ऐकू येईनासं होतं, घेरी येते. बहीण त्याला रेल्वेने कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरी, माजी सैनिकांच्या विंटर रुग्णालयात घेऊन येते. तिथे त्याच्या तपासण्यांवर तपासण्या होतात. त्यातली एक अशी, की पाठीच्या कण्यातला द्रव काढून त्या जागी हवा सोडायची आणि ती हवा मेंदूच्या पोकळ्यांपर्यंत चढली की एक्स-रे काढायचा. वॉल्टर डँडी या अमेरिकी शल्यचिकित्सकाने १९१९ साली ही पद्धत आणली. मेंदूचे स्कॅन निघू लागेपर्यंत ती जगभर वापरात होती आणि तिने रोग्याला होणारा त्रास भयंकर असे. जिमी तेही सोसतो. तपासणीतून काहीच निघत नाही. मेंदूला इजा नाही.

मग डॉक्टरांपुढे दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या मते या चित्रपटाचा खरा विषय तोच आहे. हा माणूस फारसा बोलत नाही. विचारलं तर थांबून, मोजकं उत्तर देतो. स्वप्नांविषयी अशा गांभीर्याने सांगतो, जणू ती काल गावात घडलेली हकीकत आहे. याला स्किझोफ्रेनिया म्हणायचं का? की अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातला एक मूलनिवासी इंडियन असाच बोलतो, असाच गप्प राहतो, स्वप्नांकडे असाच पाहतो? वॉर्डातल्या कुणालाच हे सांगता येत नाही, कारण इंडियन माणसाशी त्यांचा कधी संबंधच आलेला नाही. रुग्णालयाचे प्रमुख कार्ल मेनिंगर यांचा प्रामाणिकपणा असा, की आपल्याला हे ठरवता येत नाही हे ते मान्य करतात आणि न्यूयॉर्कहून एका मानववंशशास्त्रज्ञाला बोलावून घेतात. तो वैद्यकीय डॉक्टर नाही, त्याच्याकडे मनोविश्लेषकाची सनद नाही, हातात धड नोकरीही नाही. त्याचं नाव जॉर्ज दव्हरो.

आर्नो देप्लेशाँ या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘जिमी पी.’ २०१३च्या मे महिन्यात कान महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखवला गेला. तिथे त्याला पुरस्कार मिळाला नाही. बेनिसियो देल तोरो जिमीच्या आणि मात्यू अमालरिक दव्हरोच्या भूमिकेत आहेत. संगीत हॉवर्ड शोर यांचं. दिग्दर्शक फ्रेंच असला तरी चित्रपट इंग्रजीत आहे. त्याचा आधार आहे दव्हरो यांनीच १९५१ साली प्रसिद्ध केलेला ‘रिअॅलिटी अँड ड्रीम’ हा ग्रंथ. रोज तासभर समोरासमोर बसून झालेलं बोलणं दव्हरो लिहून घेत, आणि त्या टिपणांवरून त्यांनी बैठकांचे संवाद जवळजवळ जसेच्या तसे छापले. ग्रंथाला खुद्द मेनिंगर यांची आणि मैदानी प्रदेशातल्या जमातींचे जाणकार अभ्यासक रॉबर्ट लोवी यांची प्रास्ताविकं होती. एका रोग्याच्या उपचारांची इतकी सविस्तर, प्रश्नोत्तरांसकट नोंद त्या काळात क्वचितच झाली असेल. देप्लेशाँ यांच्या मनात हा माणूस फार आधीपासून घर करून होता. त्यांच्या २००४च्या ‘किंग्ज अँड क्वीन’ या चित्रपटात अमालरिकचं पात्र ज्या मनोविश्लेषक बाईंकडे जातं, त्यांचं आडनावही दव्हरोच आहे.

दव्हरोंची हकीकत थोडी विस्ताराने सांगायला हवी. ती कळली की समोरासमोरच्या दोन खुर्च्यांमधलं अंतर वेगळं दिसू लागतं. त्यांचं मूळ नाव ग्यॉर्गी दोबो. १९०८ साली लुगोश या गावी, ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तेव्हा ते गाव ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. पहिल्या महायुद्धानंतर ते रुमानियात गेलं. गाव जागच्या जागी राहिलं आणि देश बदलला, शाळेतली भाषा बदलली. तरुणपणी ते पॅरिसला गेले, मारी क्यूरी यांच्याकडे भौतिकशास्त्र शिकले, ते सोडून मलय भाषेकडे वळले आणि अखेर मार्सेल मोस यांच्या हाताखाली मानववंशशास्त्रात स्थिरावले. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि जॉर्ज दव्हरो हे नाव धारण केलं. पुढे अमेरिकेत कोलोरॅडो नदीकाठच्या मोहावे जमातीत आणि मग इंडोचायनाच्या डोंगरात सेदांग लोकांत राहून त्यांनी काम केलं. मोहावे लोकांवर त्यांचा जीव जडला तो कायमचा. त्या समाजात माणसाचं सामर्थ्य, त्याची गाणी, वैदूची विद्या, सगळं स्वप्नातून मिळतं अशी धारणा होती. स्वप्नांना एवढा मान देणाऱ्या लोकांत राहिल्यामुळेच आपण फ्रॉइडकडे वळलो, असं ते सांगत. १९८५ साली पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थी मोहावेंच्या भूमीत नेण्यात आल्या.

चित्रपट यातलं फार थोडं उघड सांगतो. अमालरिकचा दव्हरो बोलका, उतावीळ, हातवारे करणारा, मेनिंगरांचं बोलावणं आल्यावर हरखून गेलेला आहे. त्याचा आनंद पाहताना ध्यानात येतं की या माणसाला रोगी मिळाला, त्याबरोबर जगात एक जागाही मिळाली. आणि एक गोष्ट पडद्यावर न सांगता सतत हजर असते. जिमी पिकार्ड हे खरं नाव नाही. रोग्याची ओळख झाकण्यासाठी दव्हरोंनी ते ग्रंथात योजलं होतं. जमातीलाही ‘वुल्फ’ असं कल्पित नाव दिलं होतं. म्हणजे त्या खोलीत एकमेकांसमोर बसलेल्या दोघांचीही आपल्याला माहीत असलेली नावं जन्माची नाहीत. एकाने आपलं ज्यूपण नव्या नावाखाली ठेवलं, दुसऱ्याचं इंडियनपण छापील पानावर दुसऱ्याच नावाखाली गेलं. देप्लेशाँ यांनी जमातीचं नाव परत केलं. त्यांचा जिमी ब्लॅकफीट आहे आणि त्याचं घर ब्लॅकफीट लोकांच्या राखीव प्रदेशात आहे.

या राखीव प्रदेशाच्या पश्चिमेला आज ग्लेशियर नॅशनल पार्क आहे. त्या उद्यानाचा पूर्वेकडचा डोंगराळ पट्टा १८९५च्या करारापर्यंत ब्लॅकफीट लोकांचा होता. भूमी अशी गेली, तरी दुसऱ्या महायुद्धात सुमारे ४४ हजार इंडियन अमेरिकेच्या सैन्यात होते. साडेतीन-चार लाखांच्या समाजातून गेलेली ही माणसं. परत आल्यावर त्यांना काय मिळालं? १९२४च्या कायद्याने ते देशाचे नागरिक झाले होते, पण न्यू मेक्सिको आणि अॅरिझोना या राज्यांत मतदानाचा हक्क मिळवायला त्यांना कोर्टात जावं लागलं. ते निकाल लागले १९४८ साली, म्हणजे जिमी टोपेकाच्या वॉर्डात होता त्याच वर्षी. न्यू मेक्सिकोतला दावा लावणारे मिगेल त्रुहियो हे शिक्षक युद्धकाळात मरीन दलात होते. इंडियन माणसाला दारू विकायला बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९५३पर्यंत टिकला. चित्रपटात जिमीच्या पिण्याचा विषय निघतो तेव्हा हे आठवावं. इतर सैनिकाच्या बाबतीत जी सवय, ती जिमीच्या बाबतीत गुन्ह्याच्या काठावरची गोष्ट होती. चित्रपट यावर भाषण करत नाही. पण रुग्णालयातला प्रत्येक जण त्याच्याशी ज्या सौजन्याने बोलतो, त्या सौजन्याच्या आत केवढं अज्ञान आहे हे तो दाखवत राहतो. ‘चीफ’ म्हणून मारलेली हाक प्रेमाची असू शकते आणि तरीही समोरच्याचं नाव पुसून टाकते.

टोपेका हे त्या वेळी अमेरिकी मानसोपचाराचं मोठं केंद्र होतं. चार्ल्स मेनिंगर आणि त्यांचे मुलगे कार्ल व विल्यम यांनी तिथे क्लिनिक उभारलं होतं. युद्धकाळात विल्यम हे लष्कराच्या मानसोपचार विभागाचे प्रमुख होते. युद्ध संपताच मनाने जखमी झालेल्या सैनिकांचा लोंढा आला आणि त्यांना पाहायला डॉक्टर पुरेनात. म्हणून १९४६ साली मेनिंगर मंडळींनी विंटर रुग्णालयाला जोडून मानसोपचाराचं प्रशिक्षण देणारी मोठी शाळा सुरू केली. त्याच वर्षी जॉन ह्यूस्टन यांनी लष्करासाठी ‘लेट देअर बी लाइट’ हा माहितीपट केला. त्यात लाँग आयलंडच्या रुग्णालयातले खरे सैनिक कॅमेऱ्यासमोर रडतात, अडखळतात, एकाची गेलेली वाचा परत येते. लष्कराने तो माहितीपट अडवून धरला. सर्वसामान्य लोकांना तो १९८०च्या सुमारास पाहायला मिळाला. आज आपण ज्याला पीटीएसडी (आघातानंतरचा ताणविकार) म्हणतो, त्या निदानालाही अधिकृत यादीत जागा मिळाली ती १९८० साली, व्हिएतनामहून परतलेल्यांच्या रेट्यामुळे. जिमीच्या काळी हे नाव नव्हतं. दव्हरो त्याला तपासून सांगतात की हा वेडा नाही, याच्या मनाला इजा झाली आहे. त्या खोलीतल्या डॉक्टरांना एवढं ऐकायलाही बाहेरचा माणूस लागला.

युद्धावरचा चित्रपट म्हणून कुणी हा पाहायला बसेल तर त्याची निराशा होईल. यात रणांगण नाही. जिमीला गोळी लागलेली नाही, ट्रकवरून पडल्याचीच काय ती दुखापत. आणि बैठका पुढे सरकतात तसं उलगडत जातं की दुखणं युद्धाआधीचं आहे. लहानपणी वारलेले वडील, आईचा धाक, थोरल्या बहिणीचा शब्द, आणि जेन, जिच्यावर त्याने प्रेम केलं आणि जी गरोदर असताना तो तिच्यापासून दूर गेला. त्या नात्यातून झालेली मुलगी दुसरीकडे वाढते आहे. युद्धाने या सगळ्यावरचं झाकण तेवढं उडवलं. मला हा या चित्रपटाचा सर्वांत धाडसी भाग वाटतो. सैनिकाच्या दुःखाचं सगळं श्रेय युद्धाला देणं सोपं असतं, आणि त्यात त्या माणसाचा आधीचा जन्म हरवतो. जिमीला ‘माजी सैनिक’ एवढंच मानलं असतं तर त्याच्यापाशी कुणी पोचलंच नसतं. ‘इंडियन’ एवढंच मानलं असतं तरीही नाही.

मानववंशशास्त्रज्ञाने सैनिकाचं मन हाताळण्याची ही पहिली वेळ नव्हती. पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडमधल्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी तोफांच्या भडिमाराने खचलेल्या अधिकाऱ्यांवर बोलण्याचे उपचार केले. कवी सिगफ्रिड ससून १९१७ साली त्यांच्याच देखरेखीखाली होते. हेच रिव्हर्स त्याआधी निलगिरीच्या डोंगरात येऊन तोडा जमातीत राहिले होते. १९०६ साली निघालेला त्यांचा ‘द तोडाज’ हा ग्रंथ आपल्याकडच्या अभ्यासकांना अजून लागतो. तोडांच्या म्हशी, त्यांची दूधघरं, त्यांची नातीगोती तपशिलाने टिपणारा माणूस दहा-बारा वर्षांनी सैनिकांच्या दुःस्वप्नांपाशी बसला होता. रिव्हर्स आणि दव्हरो या दोघांच्या कामात मला एकच शिस्त दिसते. परक्या माणसाच्या बोलण्यात जे विचित्र वाटतं, ते चूक ठरवण्याआधी त्याच्या घरी त्याचा अर्थ काय, हे विचारायचं.

दव्हरोंचा मूळ मुद्दा इथेच नीट समजून घ्यावा लागतो, कारण तो सहज उलटा समजला जातो. जिमीचं दुखणं ब्लॅकफीट संस्कृतीतून आलं, किंवा त्याला ‘इंडियन पद्धतीचा’ उपचार हवा, असं ते म्हणत नाहीत. मनाची रचना सगळ्या माणसांची सारखीच, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. पण त्या मनापर्यंत जायची वाट प्रत्येक समाजाने आपापल्या परीने बांधलेली असते. ती माहीत नसेल तर जिमीच्या वागण्यात त्याच्या लोकांचं किती, त्याच्या आजाराचं किती आणि त्याचं स्वतःचं किती, हे कळणारच नाही. मैदानी प्रदेशातल्या जमातींत तरुण एकांतात जाऊन उपास करतो, स्वप्नात किंवा दृष्टांतात त्याला एक रक्षक भेटतो आणि तो पुढे त्याला मार्ग दाखवतो, अशी परंपरा होती. फ्रॉइडच्या पंथात स्वप्न मागे नेतं, बालपणाकडे. जिमीच्या लोकांत स्वप्न पुढचं सांगतं. दव्हरोंनी जिमीची स्वप्नं दोन्ही अंगांनी ऐकली. जुनी भीती त्यांतून शोधली, आणि तू आता काय करू पाहतो आहेस, हेही त्यांतूनच विचारलं. स्वतः त्या रक्षकाच्या जवळपासची भूमिका घेतली. ज्या माणसाला आयुष्यभर अधिकाऱ्यांची, पाद्र्यांची, डॉक्टरांची आज्ञा पाळायला शिकवलं गेलं, त्याला त्याच्या ओळखीचा एक मदतनीस मिळाला. जिमी बोलू लागला त्याचं कारण यातच आहे असं मला वाटतं.

पडद्यावर हे सगळं दोन माणसांच्या बोलण्यातून येतं, आणि दोघांचं इंग्रजी मोडकं नसलं तरी घरचंही नाही. देल तोरो वाक्य उच्चारण्याआधी ते मनात उचलून पाहतो, मग ठेवतो. अमालरिकच्या उच्चारांत हंगेरी, पॅरिस आणि अमेरिका एकमेकांवर आदळतात. हळूहळू जिमीची वाक्यं लांबतात, डॉक्टरची आखूड होतात. हा बदल इतका सावकाश होतो की पहिल्यांदा पाहताना निसटू शकतो. स्वप्नांची दृश्यंही मुद्दाम साध्या उजेडात घेतली आहेत. धूर नाही, वेडेवाकडे कोन नाहीत. जिमीच्या लेखी स्वप्न जेवढं खरं, तेवढंच ते पडद्यावर खरं राहतं. मध्येच मॅडलीन येते, दव्हरोंची मैत्रीण, दुसऱ्याशी लग्न झालेली. जिना मॅकी यांनी ती फार शहाणपणाने उभी केली आहे. काही समीक्षकांना हा भाग ठिगळासारखा वाटला. मला तो गरजेचा वाटतो, कारण जिमीला नात्यांविषयी इतकं नेमकं विचारणारा माणूस स्वतःच्या नात्यात काय टाळतो, हे इथेच दिसतं.

आक्षेपही आहेत, आणि ते बाजूला सारण्यासारखे नाहीत. ब्लॅकफीट माणसाची मुख्य भूमिका प्वेर्तो रिकोत जन्मलेल्या नटाने केली. त्याच्याभोवती मात्र मिशेल थ्रश, गॅरी फार्मर, मायकेल ग्रेआइज असे मूलनिवासी कलावंत आहेत, आणि जेनच्या भूमिकेतली मिस्टी अपहॅम स्वतः ब्लॅकफीट होती. थोडक्या दृश्यांत तिने जे केलं आहे ते मनातून जात नाही. चित्रपट आल्यावर पुढच्याच वर्षी, २०१४ साली, तिचा अकाली मृत्यू झाला. दुसरा आक्षेप दव्हरोंवर आहे. फ्रॉइडवरचा त्यांचा विश्वास कधी कधी जिमीच्या शब्दांच्या पुढे धावतो; बायकांविषयीच्या त्यांच्या निष्कर्षांवर आज कुणीही तज्ज्ञ हरकत घेईल. तिसरा सर्वांत कठीण. एका इंडियन माणसाचं सगळं अंतरंग छापून एक युरोपीय विद्वान नावारूपाला आला, हे भूमी घेणाऱ्यांच्या वागण्यापेक्षा कितीसं वेगळं? या प्रश्नापासून दव्हरो स्वतः पळाले नाहीत. १९६७ साली त्यांनी एक अख्खा ग्रंथ याच गोष्टीवर लिहिला, की माणसांचा अभ्यास करणाऱ्याला आतून जी भीती वाटते, जो संकोच वाटतो, तो लपवू नये. तोच अभ्यासाचा पहिला पुरावा धरावा. त्याने जिमीचा प्रश्न सुटत नाही. पण देप्लेशाँ यांनी कॅमेरा डॉक्टरकडे इतक्यांदा का वळवला, याचं उत्तर त्यातून मिळतं.

मराठी वाचकाला एक गोष्ट जवळची वाटेल. जिमी फ्रान्समध्ये होता त्याच सुमारास मराठा रेजिमेंटचे जवान इटलीत लढत होते. यशवंत घाडगे यांना १९४४च्या जुलैमधल्या आणि नामदेव जाधव यांना १९४५च्या एप्रिलमधल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे तिथेच कामी आले. साताऱ्याच्या अपशिंग्यासारख्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या सैनिक दिले. त्यांच्या शौर्याच्या कथा आपण सांगत आलो; पण परत आलेला सैनिक ओसरीवर बसून कुणाशी काय बोलला, रात्री तो दचकून उठे तेव्हा घरच्यांनी त्याला काय म्हटलं, हे आपल्या लेखनात फारच थोडं आलं. मनाच्या आजारावर आपल्याकडे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘देवराई’ व ‘कासव’सारखे समंजस चित्रपट केले. सैनिकाची ती बाजू मात्र मराठी पडद्याची वाट पाहते आहे.

चित्रपट पाहताना नाट्यमय कबुलीची वाट पाहू नका. एका आठवणीने सगळं सुटतं, रोगी ढसाढसा रडतो आणि बरा होतो, असं इथे घडत नाही. डोकेदुखी कमी होते, मग परत येते. जिमी एखादी गोष्ट सांगतो आणि दुसऱ्या दिवशी तीच वेगळी सांगतो. दव्हरोंनी लावलेला अर्थ त्याला पटत नाही तेव्हा सुरुवातीला तो केवळ गप्प बसतो. पुढे पुढे तो तसं बोलून दाखवतो, आणि डॉक्टर ते लिहून घेतो. बरं होण्याची मोजणी करायचीच असेल तर ती या बोलून दाखवण्यावरून करावी. शेवटच्या भागात जिमी मुलीविषयी काय ठरवतो, हे मी इथे सांगत नाही. तो निर्णय त्याच्या स्वतःच्या तोंडून, त्याच्या संथ इंग्रजीत ऐकायला हवा.